वारंवार परदेशी जाणाऱ्यांची परतीच्या विमानतळावरची चौकशी : खानदेशातल्या प्रवाशांसाठी

जळगावला विमानतळ आहे, पण तिथली विमानं देशातल्या देशात उडतात. त्यामुळे दुबई, मस्कत, बँकॉक किंवा न्यूअर्कहून परतणाऱ्या खानदेशी माणसाची गाठ अधिकाऱ्याशी पडते ती मुंबईला किंवा अहमदाबादला, आणि नंदुरबार-धुळ्याकडचा असेल तर बऱ्याचदा सुरतला. तिकीट थेट जळगावपर्यंतचं असलं तरी पासपोर्टची तपासणी आणि कस्टम्स दोन्ही पहिल्याच भारतीय विमानतळावर उरकतात. पट्ट्यावरून बॅग उचला, कस्टम्समधून काढा, पुन्हा चेक-इन करा. चौकशीला बसवलं तर दोन-तीन तास सहज जातात. म्हणून पुढचं विमान किंवा गाडी उतरण्याच्या वेळेनंतर किमान चार-पाच तासांनी धरावी. घाई झालेला माणूस तुटक उत्तरं देतो, घड्याळ बघतो, आणि समोरचा नेमकं तेवढंच टिपतो.

वर्षातून एकदा नातवाला बघायला जाणाऱ्या आईवडिलांना सहसा कुणी हटकत नाही. हटकलं जातं ते महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन येणाऱ्याला. त्यात केळीचा निर्यातदार असतो, सराफ असतो, टूर मॅनेजर असतो, ठिबकच्या कामाला आफ्रिकेत जाणारा इंजिनिअर असतो, आणि ‘दोस्तानं तिकीट काढून दिलं’ म्हणून बँकॉकला गेलेला पोरगाही असतो. वरवर अधिकारी या फेरीबद्दल विचारतो, पण तो तपासत असतो सगळ्या फेऱ्यांचा मेळ. इतक्या वेळा का जातो, खर्च कोण करतं, जाताना काय नेलं, येताना काय आणलं? या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या की माणूस दहा मिनिटांत बाहेर येतो. तयारीही त्याच चार गोष्टींची करायची.

विचारणारे दोन वेगळे लोक

पहिला टेबल इमिग्रेशनचा. हे खातं गृह मंत्रालयाचं. त्याचं काम म्हणजे माणूस तोच आहे का, पासपोर्ट खरा आणि धड आहे का, त्याच्या नावावर कुठली सूचना लागली आहे का. १ सप्टेंबर २०२५ पासून इथे इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू आहे. दुसरा टेबल कस्टम्सचा, म्हणजे अर्थ मंत्रालयाचा, आणि त्याच्या हातात कस्टम्स ॲक्ट, १९६२ आहे. त्याला तुमच्या नागरिकत्वात रस नाही, बॅगेत आहे. क्वचित तिसरा माणूसही असतो, महसूल गुप्तचर संचालनालयाचा, म्हणजे डीआरआयचा. तो साध्या कपड्यांत पट्ट्याजवळ उभा असू शकतो. ओळखपत्र दाखवा म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे, फक्त आवाज न चढवता म्हणा.

इमिग्रेशनवाल्यासमोर सोन्याच्या बिलांची फाइल उघडू नये आणि कस्टम्सवाल्याला व्हिसाची कर्मकथा सांगू नये. न विचारलेल्या माहितीतून नवे प्रश्न निघतात.

त्यांच्याकडे आधीच काय असतं

तुम्ही विमानात बसण्याआधीच तुमचं नाव पोचलेलं असतं. पॅसेंजर नेम रेकॉर्ड इन्फर्मेशन रेग्युलेशन्स, २०२२ प्रमाणे विमान कंपनीला सुटण्याच्या २४ तास आधी बुकिंगची माहिती कस्टम्सकडे द्यावी लागते. त्यात तिकीट कधी काढलं, पैसे कसे भरले, एजंट कोण, सोबत कोण आणि सामान किती, हे सगळं येतं.

खानदेशात इथे एक गोची होते. जळगाव-भुसावळचे बरेच एजंट सहा-आठ जणांची तिकिटं एकाच बुकिंगमध्ये आणि एकाच कार्डावर काढतात, कारण दर स्वस्त पडतो. त्या आठांतले तिघे तुमच्या ओळखीचेही नसतात, पण नोंदीत ते तुमचे सहप्रवासी असतात. त्यातल्या एकाकडे काही सापडलं की उरलेल्या सातांना बाजूला घेतात. ‘मी एकटाच आलो’ हे तुमचं खरं उत्तर त्या क्षणी खोटं ठरतं. म्हणून वारंवार जाणाऱ्यानं एजंटाला स्पष्ट सांगावं : माझं बुकिंग वेगळं, बिल माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून. शे-पाचशे रुपये जास्त जातील, जाऊ द्या.

निघण्याआधीची कामं

सगळ्यात उपयोगी कागद घरीच तयार होतो. एका पानावर तक्ता आखा : जाण्याची तारीख, येण्याची तारीख, कुठल्या विमानतळावरून, देश, काम, तिकिटाचे पैसे कुणी भरले, काय आणलं, ड्युटी भरली असेल तर पावती क्रमांक. मागच्या दोन वर्षांच्या फेऱ्या त्यात भरा. वर्षात नऊ फेऱ्या करणाऱ्याला ‘या साली किती वेळा गेलात?’ विचारलं की तो हमखास ‘पाच-सहा’ म्हणतो. अधिकाऱ्याच्या पडद्यावर नऊ दिसतात. विसरणं आणि लपवणं यातला फरक त्याला तुमच्या चेहऱ्यावरून कळायचा नाही, तक्त्यावरून कळेल. एक प्रत छापील ठेवा आणि एक मोबाइलमध्ये, कारण उतरल्यावर बॅटरी मेलेली असते हा अनुभव सगळ्यांचाच.

शिक्क्यांवर विसंबू नका. हाँगकाँग कागदाची चिठ्ठी देतं, सिंगापूर ई-मेल पाठवतं, दुबईत स्मार्ट गेटमधून माणूस शिक्क्याविनाच पार होतो. युरोपात शेंगेन देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करणारी पद्धत टप्प्याटप्प्यानं आणली. परिणामी तुमचा मुक्काम किती दिवसांचा होता हे पासपोर्ट उघडून सिद्ध होत नाही. सिंगापूरचा ई-मेल, हाँगकाँगची चिठ्ठी, बोर्डिंग पास आणि अमेरिकेचा आय-९४, म्हणजे तिथल्या येण्या-जाण्याच्या नोंदीचा, प्रवास इतिहास जपून ठेवा. पुढे सोन्याच्या सवलतीचा प्रश्न आला की सगळं या दिवसांवर अडतं.

आता अंगावरच्या दागिन्यांकडे. सुवर्णनगरी जळगावातली बाई लग्नाला दुबईला निघाली तर पोत, पाटल्या, बांगड्या, कानातलं मिळून दहा-पंधरा तोळे सहज अंगावर असतात. जाताना कुणी विचारत नाही. येताना ‘हे तिथे घेतलं नाही कशावरून?’ हा प्रश्न येतो. त्यावर तीन उपाय आहेत, आणि तिन्ही जाण्याआधीचे.

पहिला, हॉलमार्क. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असावाच लागतो. बांगडी आडवी धरून आतल्या बाजूला भिंगातून पाहा. त्रिकोणी बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह, मग शुद्धता, म्हणजे २२ कॅरेटला ‘९१६’, आणि मग तो सहा खुणांचा क्रमांक दिसेल. हा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्किंगची माहिती समोर येते. दुबईतल्या दुकानातल्या बांगडीवर हे चिन्ह नसतं. अधिकाऱ्याला इतका सरळ पुरावा दुसरा मिळणार नाही. प्रत्येक दागिन्याच्या त्या खुणेचा जवळून फोटो काढून ठेवा.

दुसरा, एक्सपोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे वस्तू इथूनच नेली होती याचा दाखला. आजीच्या पाटल्यांवर एचयूआयडी नसणारच. अशा जुन्या दागिन्यांसाठी, तसंच महागडा कॅमेरा, लेन्स किंवा घड्याळ यांच्यासाठी जाताना विमानतळावर कस्टम्सकडून हे सर्टिफिकेट करून घेता येतं. वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते, म्हणून चेक-इनच्या आधी जायचं. दागिना बॅगेत टाकून बॅग पट्ट्यावर गेली की काम संपलं. सोबत सरकारमान्य मूल्यांकनकाराचा दाखला, फोटो आणि असेल तर सराफाचं बिल. नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. परतताना मूळ प्रत हातातल्या पिशवीत असू द्या.

तिसरा उपाय साधा : दागिने घरीच ठेवा. वर्षातून आठ वेळा जाणाऱ्यानं दर वेळी गळ्यात तीच सहा तोळ्यांची चेन मिरवायची गरज नसते. एकदा चेन घालून गेला आणि पुढच्या वेळी वजनानं वेगळी चेन घालून आला, तर ‘चेन बदलून आणणारा’ असा संशय धरला जातो, आणि तो संशय हवेतून आलेला नाही.

सराफांसाठी एक ओळ. प्रदर्शनाला नमुने नेत असाल तर ते वैयक्तिक सामान म्हणून नेऊ नका. एटीए कार्नेवर, म्हणजे माल तात्पुरता नेऊन परत आणायच्या कागदावर न्या, भारतात ते फिक्की ही उद्योगसंघटना देते.

वारंवार जाणाऱ्यानं गृह मंत्रालयाच्या फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजनेत नाव घालून घ्यावं. ती २२ जून २०२४ ला दिल्लीत सुरू झाली आणि १६ जानेवारी २०२५ पासून मुंबई, अहमदाबादसह आणखी सात विमानतळांवर आली. फी नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा, बोटांचे ठसे विमानतळावर किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात द्यायचे. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी असेल तोवर. मात्र याने फक्त इमिग्रेशनची रांग वाचते. कस्टम्सला त्याचं काही देणंघेणं नाही.

जाता जाता, परतीशी संबंध नसलेली पण महत्त्वाची गोष्ट : पोराला पाठवायच्या काळ्या मसाल्यात खसखस असेल तर तो संयुक्त अरब अमिरातीत नेऊ नका. तिथे खसखस अंमली पदार्थात धरतात.

तिकडे असताना

प्रत्येक खरेदीचं बिल घ्या, कार्डानं पैसे द्या, बिलावर आपलं नाव लिहून घ्या. रोखीनं घेतलेल्या दोन आयफोनांची किंमत अधिकारी इंटरनेटवर बघून ठरवतो आणि ती तुमच्या सवलतीतल्या भावापेक्षा जास्तच निघते.

दुसऱ्याची पिशवी घेऊ नका. ‘फक्त चॉकलेट आणि परफ्यूम आहे भाऊ, मुंबईला माझा माणूस घेईल’ असं म्हणणारा दुबईत भेटतो, बँकॉकमध्ये भेटतो, आणि कधी कधी तो गावचाच असतो, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. बँकॉकहून येणाऱ्या सामानात हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना पाण्यावर वाढवलेला, गांजा सापडण्याची प्रकरणं गेल्या काही वर्षांत मुंबई विमानतळावर सतत होत आहेत. एनडीपीएस ॲक्ट, १९८५ या अंमली पदार्थांच्या कायद्यात माल ज्याच्या ताब्यात त्याला तो ठाऊक होता असंच न्यायालय आधी गृहीत धरतं, आणि ठाऊक नव्हतं हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर येतं. २० किलोपेक्षा जास्त गांजाला किमान दहा वर्षं कैद. फुकट तिकीट, फुकट हॉटेल आणि येताना एक बॅग, असा बेत कुणी मांडला तर तो सहलीचा बेत नव्हे.

रावेर-यावल-चोपड्याकडचे बागायतदार बागा बघायला बाहेर जातात. तिथला चांगला वाण दिसला की हात शिवशिवतो. केळीचा मुनवा, कलम, बी किंवा मातीचा नमुना सामानात आणू नका. २००३ च्या प्लँट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसताना हे आणता येत नाही, आणि कस्टम्सच्या घोषणेच्या फॉर्मात याबद्दल वेगळा रकाना आहे. जप्ती दुय्यम आहे. केळीचा पनामा रोग, त्यातला ट्रॉपिकल रेस ४, मुनव्यातून आणि बुटाला चिकटलेल्या मातीतून प्रवास करतो आणि एकदा शेतात शिरला की कित्येक वर्षं मातीत तग धरतो. तिकडच्या बागेत घातलेले बूट तिथेच टाकून या. धुऊन आणण्यापेक्षा ते स्वस्त.

इमिग्रेशनच्या टेबलापाशी

भारतीय पासपोर्टवाल्याला आता येताना कार्ड भरावं लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून आलेलं ई-अरायव्हल कार्ड परदेशी नागरिकांसाठी आहे. एजंट ‘भरून देतो, दोनशे रुपये’ म्हणाला तर देऊ नका.

इथले प्रश्न थोडे असतात. कहाँ से आ रहे हो, कितने दिन रहे, क्या काम करते हो, इतनी बार क्यों जाते हो. उत्तर एका वाक्यात द्या आणि थांबा. ‘केळी निर्यात करतो, दुबईतल्या खरेदीदाराचा माल उतरताना बघायला जातो, या वेळी चार दिवस होतो.’ त्यापुढे मौन. शांतता अवघड वाटते म्हणून माणूस स्वतःच पुढे बोलत जातो, आणि तिथेच तारखा चुकतात.

खानदेशी प्रवाशाची खास अडचण म्हणजे नाव. पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे ही आडनावं, त्यात पहिलं नावही चार-पाच ठराविकांपैकी. एखाद्या सारख्या नावाच्या माणसावर लुकआउट सर्क्युलर, म्हणजे दिसताच अडवा अशी सूचना, निघालेलं असेल तर पडदा तुमच्यावरही अडतो. अशा वेळी जन्मतारीख, वडिलांचं नाव, आईचं नाव आणि जुन्या पासपोर्टचा क्रमांक लगेच दाखवता आला पाहिजे. पासपोर्टवर वडिलांचं नाव वेगळं आणि आधारवर वेगळं, किंवा एकीकडे नुसती आद्याक्षरं, अशी गडबड असेल तर ती पासपोर्ट नूतनीकरणाच्या वेळी दुरुस्त करा. दर फेरीला हाच घोळ होत असेल तर नामसाम्य नोंदवून घेण्यासाठी इमिग्रेशन ब्यूरोला लेखी अर्ज करा, आणि पोच घेतलेली प्रत प्रवासात बाळगा.

पासपोर्टची पानं फाडू नका. हे लिहावं लागतं कारण लोक फाडतात. घरी कळू नये म्हणून थायलंडचे शिक्के असलेली दोन पानं काढून टाकली आणि विमानतळावर गुन्हा दाखल झाला, असं घडलेलं आहे. पानांवर क्रमांक छापलेले असतात, गहाळ पान मोजायला अधिकाऱ्याला पाच सेकंद पुरतात. घरच्यांचा राग परवडला.

आफ्रिकेतून किंवा दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्यानं पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड हातात ठेवावं. धोक्याच्या देशात गेल्या सहा दिवसांत असाल आणि कार्ड नसेल, तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस घेतल्यावर दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि जन्मभर चालतो. म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात टोचून उपयोग नाही.

हिरवी वाट की लाल

कस्टम्समधून बाहेर पडायच्या वाटा दोन. सांगण्यासारखं काही नसेल तर हिरवी, ड्युटीचं किंवा बंधनाचं काही असेल तर लाल. हिरव्या वाटेनं पाऊल टाकणं म्हणजे ‘माझ्याकडे काही नाही’ असं जाहीर करणं. पुढे काही सापडलं तर ‘मी सांगणारच होतो’ चालत नाही. शंका असेल तर लाल वाट धरा. तिथे ड्युटी भरावी लागेल, पण लपवल्याचा ठपका येत नाही. घोषणा ‘अतिथी’ ॲपमधूनही भरता येते. उतरण्याआधी भरून ठेवली तर भरल्याची वेळ नोंदली जाते, आणि वाद झाला तर ती वेळ तुमच्या बाजूनं बोलते.

आकडे असे. फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या बॅगेज रुल्समध्ये विमानानं परतणाऱ्या रहिवाशाला ७५,००० रुपयांपर्यंतचा माल ड्युटीविना आणता येतो. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा ५०,००० होती. जुन्या लेखांत आणि एजंटाच्या पत्रकात अजून तीच दिसेल. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा. दारू २ लिटर, सिगारेट १००. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदीच आहे. सूट माणशी असते, नवरा-बायकोची मिळून दीड लाखाची एक वस्तू आणता येत नाही. परदेशी नोटा ५,००० डॉलरच्या वर, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरच्या वर असतील तर चलनाचा नमुना भरायचा. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंतच.

सोन्याचं प्रकरण वेगळं समजून घ्या, कारण वारंवार जाणारा माणूस इथेच फसतो. बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने ड्युटीविना आणता येतात, असं गावभर सांगितलं जातं. खरं आहे, पण अट अशी की माणूस वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेला असावा. चार दिवसांसाठी गेलेल्याला ती सूट लागूच होत नाही. बिस्किट किंवा नाणं असेल तर दागिन्यांची ही सूट कुणालाच नाही. सहा महिने किंवा जास्त राहून येणाऱ्याला, म्हणजे आखातात फिटर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असलेल्या आपल्या माणसाला, एक किलोपर्यंत सोनं सवलतीच्या दरानं ड्युटी भरून आणता येतं. ड्युटी परकीय चलनात भरावी लागते. मधल्या काळात तो सुटीवर गावी आला असेल तर त्या सगळ्या मुक्कामांची बेरीज ३० दिवसांच्या आत हवी. पोळ्याला दहा, दिवाळीला पंधरा आणि लग्नाला आठ दिवस आला, की बेरीज ३३ होते आणि सवलत गेली. तक्ता ठेवायचा तो यासाठीही.

वजन ग्रॅममध्येच सांगा. जळगावच्या सराफात तोळा म्हणजे दहा ग्रॅम, पण आंतरराष्ट्रीय बाजारातलं ‘दहा तोळ्यांचं बिस्किट’ ११६.६४ ग्रॅमचं असतं. ‘साहेब, दहा तोळे आहे’ म्हणालात आणि काट्यावर १६ ग्रॅम जास्त भरले, तर तुमच्या बोलीचा दोष असला तरी कागदावर चुकीची घोषणा होते.

कायद्यात फेऱ्यांची संख्या ठरलेली नाही. वर्षाला वीस वेळा गेलात तरी गुन्हा होत नाही. कस्टम्स ॲक्टचं कलम ७९ इतकंच बघतं की माल स्वतःसाठी, घरच्यांसाठी किंवा भेटीसाठी आहे का. दर महिन्याला ७४ हजारांचे परफ्यूम आणले तर प्रत्येक फेरी मर्यादेत असूनही तो धंदा दिसतो. मग प्रश्न येतात : मागच्या वेळचे कुठे गेले? कुणाला दिले? दुकान आहे का? धंद्यासाठीच आणायचं असेल तर आयात-निर्यात कोड काढून रीतसर मागवा.

बाजूच्या खोलीत नेलं तर

झडती घेण्याआधी कस्टम्स ॲक्टच्या कलम १०२ प्रमाणे तुम्हाला राजपत्रित कस्टम्स अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर न्या असं म्हणता येतं. झडतीला किमान दोन पंच लागतात. बाईची झडती बाईनंच घ्यायची, याला अपवाद नाही. बॅग तुमच्या समोर उघडली जावी, नजर हटवू नका. बाहेर घ्यायला आलेल्याला एकच फोन करू द्या अशी विनंती सुरुवातीलाच करा.

कलम १०८ खाली जबाब घेतला तर तो गंभीर मामला आहे. पोलिसांपुढच्या जबाबासारखा तो कोर्टात निरुपयोगी ठरत नाही, तो तुमच्याविरुद्ध वापरता येतो, आणि खरं सांगणं बंधनकारक आहे. वकील शेजारी बसवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं १९९२ मध्ये मान्य केला नाही. पुढे काही प्रकरणांत न्यायालयांनी वकिलाला दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसू दिलं, तेही आदेश घेऊन. म्हणून स्वतःच सावध राहा. समजेल त्या भाषेत जबाब मागा, मराठीत स्वतःच्या हातानं लिहितो म्हणा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही, कागद पाहून सांगतो’ हेच लिहा, अंदाज लिहू नका. प्रत्येक पान वाचून सही करा, सहीशेजारी तारीख आणि वेळ टाका, कोऱ्या जागेवर आडवी रेघ ओढा. दबावाखाली काही लिहिलं गेलं असेल तर एक-दोन दिवसांत वकिलामार्फत लेखी माघार पाठवा. महिन्यानं घेतलेल्या माघारीला फारसं वजन राहत नाही.

मोबाइल ठेवून घेतला तर त्याची पंचनाम्यात मॉडेल आणि आयएमईआय क्रमांकासह नोंद झाली पाहिजे.

माल अडवला तर

हातात डिटेन्शन रिसीट, म्हणजे माल अडवल्याची पावती, मिळाल्याशिवाय खोलीतून बाहेर पडू नका. त्यावर वस्तूचं वर्णन, नग, ग्रॅममधलं वजन आणि तुमचा पासपोर्ट क्रमांक नीट वाचा. ‘पिवळ्या धातूची चेन १’ एवढंच लिहिलं असेल तर वजन लिहायला लावा. एचयूआयडी असेल तर तोही. ही चिठ्ठी हरवली तर वस्तू सोडवताना फार खेटे घालावे लागतात, म्हणून तिचा तिथल्या तिथे फोटो.

खरी घोषणा केली आहे पण ड्युटी भरायची नाही आणि लवकरच पुन्हा जायचं आहे, तर कलम ८० वापरा. वस्तू कस्टम्सकडे ठेवायची आणि देश सोडताना परत घ्यायची. दर महिन्याला जाणाऱ्याला हा मार्ग सोयीचा, पण लपवलेलं सापडलं असेल तर तो मिळत नाही.

जप्ती झाली तर सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस यायला हवी. मुदत आणखी सहा महिने वाढवता येते. नोटीस आलीच नाही तर माल परत करावा लागतो. इथे एक कागद पुढे केला जातो : ‘मला नोटीस नको, सुनावणी नको, लवकर निकाल द्या.’ तो छापील असतो, फक्त सहीची जागा कोरी. थकलेला माणूस सही करतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये हक्क सोडल्याच्या अशा छापील कागदांना वैध मानायला नकार दिला, पण त्यासाठी लोकांना कोर्टात जावं लागलं. सही न करता ‘मला लेखी नोटीस हवी’ असं लिहून द्या. ज्यावर दंड भरून काही तासांत माल सुटू शकतो अशी छोटी वस्तू असेल तर हिशोब मांडून ठरवा. पाच हजारांसाठी मुंबईला चार खेपा घालणं कुणालाच परवडत नाही.

आदेश हाती आल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येतं. सामानाच्या प्रकरणात त्याविरुद्ध पुढची दाद केंद्र सरकारकडे, तीन महिन्यांत. आदेश पासपोर्टवरच्या पत्त्यावर येतो. गाव सोडून पुण्याला राहायला गेलेल्यांचे आदेश गावच्या घरात पडून राहतात आणि मुदत निघून जाते. जबाबात सध्याचा पत्ता आणि ई-मेल लिहून द्या.

ड्युटी भरून सोनं आणलं असेल तर ती पावती सोन्यासोबतच ठेवायची. सोन्याच्या बाबतीत कलम १२३ खाली, ते तस्करीचं नाही हे दाखवायची जबाबदारी ज्याच्या हातात सोनं आहे त्याच्यावर येऊ शकते. हा प्रश्न विमानतळाबाहेर, आग्रा रोडवरच्या तपासणीत किंवा दोन वर्षांनी सराफाकडे मोडायला नेल्यावरही येतो. पावतीची शाई कस्टम्सच्या छोट्या कागदावर उडते. घरी पोचल्या दिवशी तिची झेरॉक्स काढा आणि मूळ पावती डब्यात, दागिन्याच्या खाली.